एका संपादिकेचा गुरुवार

1863 सालच्या हंगामात सुरत, भडोच, खानदेश आणि वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरातून लिव्हरपूलकडे निघाला, तेव्हा त्याला कधी नव्हे तो भाव आला होता. लँकेशरच्या गिरण्यांत पश्चिम भारतातून येणाऱ्या आखूड धाग्याच्या साऱ्याच कापसाला ‘सुरत’ म्हणत. धागा तुटे, कचरा निघे, मजुरी कमी पडे; तिथल्या विणकरांच्या तोंडी ‘सुरत’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा झाला होता. तरीही तो घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली होती आणि गुलामांच्या श्रमावर पिकणारा तिथला लांब धाग्याचा कापूस अडकून पडला होता.

त्याच वर्षी, 28 सप्टेंबर रोजी, फिलाडेल्फियातील एका 74 वर्षांच्या विधवेने राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांना पत्र लिहिले. मागणी साधी होती. पीक घरात आल्यावर ईश्वराचे आभार मानण्याचा जो दिवस निरनिराळी राज्ये निरनिराळ्या तारखांना पाळतात, तो सर्व देशाने एकाच दिवशी, नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी पाळावा. भाऊबंदकीच्या लढाईत हजारो माणसे मरत असताना असे काही मागावे, हे कोणालाही विचित्र वाटले असते. पण सारा जोसेफा हेल हीच मागणी गेली सतरा वर्षे करीत होत्या.

त्यांचा जन्म 24 ऑक्टोबर 1788 चा, न्यू हॅम्पशरमधील न्यूपोर्ट गावचा. मुलींना महाविद्यालयाचे दार बंद होते. आईने घरी शिकवले. डार्टमथ महाविद्यालयात शिकणारा भाऊ होरेशियो सुटीत घरी येई, तेव्हा आपला अभ्यास बहिणीला देई. पुढे काही वर्षे त्यांनी शाळेत शिकवले. 1813 मध्ये डेव्हिड हेल या वकिलाशी विवाह झाला. रात्री दोन तास पती-पत्नी एकत्र वाचन करीत, असा त्या घराचा नेम होता. 1822 मध्ये डेव्हिड न्यूमोनियाने गेले. चार मुले पदरात होती आणि पाचवे काही दिवसांतच जन्माला यायचे होते. त्या दिवसापासून साराबाईंनी काळी वस्त्रे घातली ती अखेरपर्यंत. पुढे ज्या मासिकातून त्यांनी अमेरिकेतल्या स्त्रियांना फॅशनची रंगीत चित्रे पुरवली, त्याच्या संपादिका स्वतः आयुष्यभर काळ्या पोशाखात वावरल्या.

टोप्या शिवण्याचे दुकान काढून पाहिले, ते मनास आले नाही. पतीच्या फ्रीमेसन बांधवांच्या मदतीने एक काव्यसंग्रह निघाला. 1827 मध्ये ‘नॉर्थवूड’ ही कादंबरी आली आणि तिने त्यांचे नशीब पालटले. उत्तर आणि दक्षिण यांच्या रीतिभाती शेजारी-शेजारी मांडणाऱ्या या कादंबरीत न्यू इंग्लंडच्या एका शेतकरी घरातील आभारदिनाच्या जेवणाचे एक संपूर्ण प्रकरण आहे: पानाच्या अग्रभागी भाजलेली टर्की, मागाहून भोपळ्याची पाय. आज जगभरच्या अमेरिकी घरांत जे ताट वाढले जाते, त्याचा नकाशा तिथे सापडतो.

दुसऱ्याच वर्षी त्या बोस्टनमध्ये स्त्रियांच्या मासिकाच्या संपादक झाल्या. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघायला अजून चार वर्षे होती. 1837 पासून लुई गोडी यांच्या ‘लेडीज बुक’ची धुरा त्यांच्याकडे आली आणि ती त्यांनी चाळीस वर्षे वाहिली. 1860 च्या सुमारास या मासिकाच्या दीड लाख प्रती खपत. स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे, मुलींसाठी महाविद्यालये निघावीत, यासाठी त्या लिहीत राहिल्या. व्हॅसर महाविद्यालयाला त्यांनी पाठबळ दिले. बंकर हिलचे अर्धवट स्मारक निधीअभावी रखडले होते, तेव्हा स्त्रियांची जत्रा भरवून त्यांनी पैसा उभा केला. मात्र स्त्रियांच्या मताधिकाराला त्यांचा विरोध होता, आणि गुलामांना मुक्त करून आफ्रिकेत पाठवावे, हा त्यांचा तोडगाही आज वाचवत नाही. मेरी आणि तिच्यामागे शाळेत येणाऱ्या कोकराचे जे इंग्रजी गाणे गोव्यातली मुले बालवाडीत घोकतात, ते त्यांनीच 1830 च्या संग्रहात छापले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

सुगीनंतर देवाचे आभार मानायला माणसाला राष्ट्राध्यक्षाचे फर्मान लागत नाही. आपल्याकडे चतुर्थीच्या पाठोपाठ ‘नवें’ येते, ताळगाव आणि रायच्या चर्चमध्ये कणसांचे फेस्त होते, सुरतेत थंडीत कोवळ्या ज्वारीचा पोंक निघतो. न्यू इंग्लंडचा आभारदिनही असाच होता. त्या-त्या राज्याचा गव्हर्नर दिवस ठरवी. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी 26 नोव्हेंबर 1789 हा गुरुवार देशभरासाठी जाहीर केला होता. थॉमस जेफर्सन यांनी असा दिवस जाहीर करण्यास नकार दिला आणि प्रथा पुढे अडखळली. 1846 पासून साराबाईंनी ती उचलून धरली. दरवर्षी अग्रलेख, दरवर्षी पाककृती, दरवर्षी गव्हर्नरांना हाताने लिहिलेली पत्रे. टेलर, फिल्मोर, पियर्स, ब्युकॅनन अशा चार राष्ट्राध्यक्षांना त्यांनी साकडे घातले. कोणी दाद दिली नाही. पत्रे लिहिणे थांबले नाही. पन्नाशीच्या दशकात तीसएक राज्ये आणि प्रदेश तो दिवस पाळू लागले.

एकाच दिवशी सारे एकाच ताटावर बसले, तर देश दुभंगणार नाही, असे त्यांना वाटत होते. ही समजूत भाबडी होती. व्हर्जिनियाचे गव्हर्नर हेन्री वाइज यांनी 1856 मध्ये त्यांची विनंती धुडकावली. दक्षिणेला हा सण गुलामगिरीविरोधी उत्तरेचा वाटत होता. गोडी तर राजकारणाचा शब्दही मासिकात येऊ देत नसत, त्यामुळे युद्ध सुरू झाले तरी ‘लेडीज बुक’ची पाने जणू काही घडलेच नाही अशी निघत राहिली.

लिंकन यांनी मात्र ऐकले. गेटिसबर्गची लढाई जुलैत झाली होती. 3 ऑक्टोबर 1863 रोजी घोषणापत्र निघाले. मजकूर परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड यांच्या हातचा. 26 नोव्हेंबरच्या गुरुवारी, गेटिसबर्गच्या दफनभूमीवर लिंकन यांनी भाषण केले त्यानंतर अवघ्या आठवड्याने, उत्तरेकडील राज्यांनी तो दिवस पाळला.

या सणाला आज 1621 च्या प्लिमथच्या मेजवानीशी जोडले जाते. सुरतेत इंग्रजांची वखार उघडून तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. ‘मेफ्लॉवर’मधून उतरलेल्यांपैकी निम्मी माणसे पहिल्या हिवाळ्यात मेली, उरलेल्यांना मका पेरायला टिस्क्वांटम याने शिकवले. 1614 मध्ये त्याला पळवून स्पेनमध्ये विकले होते. तो परतला तेव्हा त्याचे पटुक्सेट गाव साथीने निर्मनुष्य झाले होते, आणि त्याच जागेवर पाहुण्यांनी वस्ती केली. मासासॉइट आणि त्याचे सुमारे 90 वाम्पानोआग लोक त्या सुगीच्या जेवणाला तीन दिवस होते. त्या जेवणाला ‘पहिला आभारदिन’ हे नाव 1841 मध्ये अलेक्झांडर यंग यांच्या ग्रंथातील एका टीपेतून मिळाले. 1970 पासून वाम्पानोआग आणि त्यांचे सहकारी त्याच दिवशी प्लिमथला शोकदिन पाळतात.

सुरतेकडे वळायचे तर, 1865 च्या एप्रिलमध्ये युद्ध संपले आणि ज्या शांततेसाठी फिलाडेल्फियात प्रार्थना होत होत्या, तिने इथला बाजार बुडवला. कापसाचे भाव कोसळले. सुरतेत जन्मलेले प्रेमचंद रायचंद 1 जुलैच्या वायदे-सौद्यांनंतर दिवाळखोरीत गेले. बँक ऑफ बॉम्बे पुढे मोडीत निघाली. त्यांनी चांगल्या दिवसांत दिलेल्या देणगीतून आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला, तो मुंबईत आजही घंटा वाजवतो. सुगी आणि भाव यांची गाठ कुठल्या देशातल्या कुठल्या लढाईशी बसेल, हे शेतकऱ्याला तेव्हाही कळत नव्हते.

साराबाईंनी 1877 च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या 89 व्या वर्षी संपादकपद सोडले. त्याच महिन्यात एडिसनने आपल्या नव्या ध्वनिमुद्रण यंत्राची परीक्षा घेताना मेरीच्या कोकराच्या ओळी म्हटल्या, असे सांगतात. 30 एप्रिल 1879 रोजी फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले. तोवर त्यांचा गुरुवार राष्ट्राध्यक्षांच्या दरवर्षीच्या घोषणेवर टिकून होता. 1939 मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी नाताळची खरेदी लांबावी म्हणून तो एक आठवडा अलीकडे ओढला, तेव्हा काही राज्यांनी नवी तारीख नाकारली आणि देशात दोन आभारदिन झाले. अखेर 26 डिसेंबर 1941 रोजी, पर्ल हार्बरनंतर तीन आठवड्यांच्या आत, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने निश्चित झाला.