रोजगार हमीमागचा विचार: कोण होते वि. म. दांडेकर?

जालन्यात पाऊस रुसला की 'रोहयो'ची कामं कधी निघणार, हा पहिला प्रश्न. काम हाच गरिबीवरचा उपाय, हे आकड्यांनिशी मांडणारे अर्थतज्ज्ञ म्हणजे वि. म. दांडेकर (१९२०-१९९५). १९६६ ते १९८० ते पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे संचालक होते.

१९७१ मध्ये नीलकंठ रथ यांच्यासोबत त्यांनी देशातली गरिबी मोजली. पट्टी साधी: माणसाला रोज २,२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च परवडतो का? १९६०-६१ च्या दरानं खेड्यात त्यासाठी माणशी महिना १५ रुपये लागत. तेवढेही सुमारे ४० टक्के ग्रामीण जनतेकडे नव्हते. जमीन वाटली तरी ती सगळ्यांना पुरणार नाही, म्हणून सरकारनं कामाची हमी द्यावी, हा त्यांचा निष्कर्ष. तो तेव्हा अनेकांना रुचला नाही.

महाराष्ट्रातली योजना मात्र वि. स. पागे यांची. १९७२ च्या दुष्काळात ती कसाला लागली, १९७७ मध्ये कायदा झाला.

जालना १९८१ मध्ये जिल्हा झाला. दोनच वर्षांनी प्रादेशिक असमतोल मोजायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष दांडेकरच. मराठवाड्यातल्या सभांत आजही गाजणारा 'अनुशेष' या समितीनं रुपयांत मांडला: राज्याचा ३,१८६ कोटी, त्यात जवळपास चौथा हिस्सा मराठवाड्याचा.