हजरत जुबैर यांच्यावरचे २२ लाखांचे देणे

इसवी सन ६५६ संपत आले होते. इराकमधील बसरा शहराजवळ दोन फौजा समोरासमोर उभ्या होत्या आणि दोन्ही बाजूंना मुसलमानच होते. तिसरे खलिफा हजरत उस्मान (रजि.) यांची मदिनेत हत्या झाली होती. त्यानंतर पेटलेल्या यादवीतली ही पहिली मोठी लढाई, इतिहासात ती जमलची लढाई म्हणून ओळखली जाते. त्या सकाळी साठी ओलांडलेल्या हजरत जुबैर (रजि.) यांनी आपल्या थोरल्या मुलाला, अब्दुल्लाह यांना जवळ बोलावले. आज आपण जिवंत परतणार नाही, असे त्यांच्या मनाने घेतले होते. बोलणे झाले ते मात्र लढाईविषयी नव्हे. त्यांना घोर लागला होता देण्याचा. सगळी देणी फिटल्यावर आपल्या मालमत्तेतले काही उरेल का, अशी शंका त्यांना होती. जमिनी विका, घरे विका, पण आधी लोकांचे पैसे परत करा, असे त्यांनी मुलाला बजावले.

मदिनेतल्या मोठ्या जमीनदारांपैकी एक असलेल्या माणसावर एवढे कर्ज कसे झाले? त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

जुबैर हे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे आतेभाऊ. त्यांची आई सफिया ही प्रेषितांची आत्या. वडील अव्वाम हे हजरत खदिजा (रजि.) यांचे भाऊ, म्हणजे प्रेषितांच्या पहिल्या पत्नी या जुबैर यांच्या आत्या. वडील लवकर गेले आणि आईने त्यांना फार कडक शिस्तीत वाढवले. मिसरूड फुटण्याच्या वयात त्यांनी इस्लाम स्वीकारला. मक्केत छळ वाढला तेव्हा जे मुसलमान समुद्र ओलांडून हबशा देशात, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूला गेले, त्यांत तेही होते.

मदिनेला आले तेव्हा हातात काही नव्हते. लग्न झाले होते हजरत अबू बकर (रजि.) यांची मुलगी अस्मा हिच्याशी. संसारात होता एक घोडा आणि पाणी ओढायचा एक उंट. अस्मा घोड्याला चारा घालायची, पाणी भरायची, पखाल शिवायची. रोटी मात्र तिला नीट जमत नसे, ती शेजारच्या बायका भाजून देत. प्रेषितांनी जुबैर यांना एक जमीन दिली होती, घरापासून दोनेक मैलांवर. तिथून खजुराच्या बियांचे ओझे डोक्यावर घेऊन ती पायी यायची आणि त्या बिया कुटून जनावराला घालायची. पुढे लाखांचे आकडे येणार आहेत, म्हणून ही सुरुवात ध्यानात ठेवलेली बरी.

हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी १७ रमजानला बद्रची लढाई झाली. मुसलमानांकडे घोडे अगदी मोजके होते आणि त्यांतल्या एकावर जुबैर होते. त्यानंतरची क्वचितच एखादी मोहीम त्यांच्याशिवाय झाली असेल. इजिप्तमधला बाबिलॉनचा किल्ला महिनोन्महिने हाती येत नव्हता, तेव्हा शिडी लावून तटावर चढणाऱ्यांत ते पुढे होते. हजरत उमर (रजि.) यांनी पुढचा खलिफा निवडण्यासाठी सहा जणांची नावे सांगितली, त्यांत त्यांचे नाव होते. तरीही त्यांनी कधी सुभेदारी घेतली नाही की महसूल वसुलीचे काम घेतले नाही. मोहिमांमधला वाटा, जमिनी आणि व्यवहार यांतून त्यांची संपत्ती उभी राहिली.

अशा माणसाकडे लोक आपला पैसा आणून ठेवू लागले. त्या काळी सामान्य माणसाने शिल्लक ठेवायची तरी कुठे? घरात पुरली तर चोराची भीती, मालक लांबच्या मोहिमेवर मेला तर जागा कुणालाच ठाऊक नाही. त्यामुळे विश्वासू माणसाच्या हवाली करणे, हीच रीत होती. तिला अमानत म्हणत. मक्केत प्रेषितांचे विरोधकसुद्धा त्यांच्याकडे अमानत ठेवत. ते मदिनेला निघाले तेव्हा या ठेवी ज्याच्या त्याला पोचवण्यासाठी हजरत अली (रजि.) मागे थांबले होते. मराठीतला अनामत हा शब्द याच अमानतीवरून आला. कर्ज हाही अरबीच. हे दोन्ही शब्द आपण रोज वापरतो. त्यांतल्या फरकाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही आणि जुबैर यांची गोष्ट त्या फरकावरच उभी आहे.

इस्लामी कायद्यात अमानत जशीच्या तशी सांभाळायची असते. तिला हात लावता येत नाही. पण सांभाळणाऱ्याने हयगय केली नसेल आणि तरीही ती चोरीला गेली, जळाली, पुरात वाहून गेली, तर भरपाई त्याच्यावर येत नाही. नुकसान ठेवणाऱ्याचे. कर्जाचे उलट असते. घेणाऱ्याला तो पैसा वापरता येतो, पण पुढे काहीही होवो, घेतले तेवढे परत करणे त्याला बंधनकारक असते. वाढीव मात्र काही देता-घेता येत नाही, ते व्याज झाले.

कुणी थैली घेऊन आला की जुबैर अमानत म्हणून ती घ्यायला नकार देत. तुझा पैसा माझ्याकडे गहाळ होईल याची मला भीती वाटते, तेव्हा हे मी तुझे कर्ज म्हणून घेतो, असा त्यांचा शिरस्ता होता. एका शब्दाच्या बदलाने सगळी जोखीम त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली. मदिनेत दंगा होवो, घराला आग लागो, ठेवणाऱ्याचा दिरहम बुडणार नव्हता. यात त्यांचा निव्वळ त्याग होता, असे मात्र नाही. काही भाष्यकारांनी स्पष्टच म्हटले आहे की कर्ज झाल्यामुळे तो पैसा व्यवहारात घालणे आणि त्यावर नफा मिळवणे त्यांना वैध झाले. दोघांचेही हित त्यात होते आणि त्यामुळेच तो व्यवहार टिकला. आज बँकेत आपण जी ठेव ठेवतो, तीही कायद्याने बँकेवरचे कर्जच असते. लॉकरमधल्या दागिन्यांचे तसे नसते. फरक एवढाच की जुबैर यांच्यामागे त्यांच्या जमिनी होत्या. आपल्या बँकांमागे ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा आहे आणि पतसंस्थांना तोही नाही.

पण कर्ज म्हणून घेतलेला पैसा जमिनीत आणि घरांत अडकतो. ठेवणारा उद्या दारात येऊ शकतो, जमीन मात्र उद्याच्या उद्या विकली जात नाही. जुबैर हयात होते तोवर त्यांच्या नावावर हे चालून गेले. बसऱ्याच्या मैदानात त्या सकाळी त्यांना भेडसावत होते ते हेच असावे.

लढाईत ते शेवटपर्यंत थांबले नाहीत. हजरत अलींशी बोलणे झाल्यावर ते मैदान सोडून निघाले, असे बहुतेक वृत्तांत सांगतात. वाटेत एका खोऱ्यात त्यांना गाठून ठार करण्यात आले. दक्षिण इराकमधले जुबैर हे शहर आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

मागे रोख रक्कम काहीच नव्हती. मदिनेत अकरा घरे, बसऱ्यात दोन, कूफ्यात एक, इजिप्तमध्ये एक आणि मदिनेजवळची गाबा नावाची मोठी जमीन, एवढी मालमत्ता होती. अब्दुल्लाह यांनी देण्यांचा हिशेब केला. आकडा निघाला २२ लाख.

जुबैर यांचे चुलत भाऊ हकीम बिन हिजाम यांनी विचारपूस केली, तेव्हा अब्दुल्लाह यांनी आकडा दडवला आणि एक लाख सांगितला. तेवढ्यानेही हकीम चिंतेत पडले. मग अब्दुल्लाह यांनी हळूच विचारले की देणे २२ लाख असेल तर? हे तुम्हाला झेपणार नाही, अडलात तर माझ्याकडे या, असे हकीम म्हणाले. अब्दुल्लाह त्यांच्याकडे गेले नाहीत. देणे भागवताना अडचण आली तर माझ्या मालकाकडे मदत माग, असे वडिलांनी सांगितले होते. मालक म्हणजे कोण, हे मुलाला लगेच उमगले नव्हते. वडिलांना अल्लाह अभिप्रेत होता. पुढे प्रत्येक अडचणीत आपण त्याच्याकडेच मागत राहिलो, असे अब्दुल्लाह सांगत.

प्रार्थनेबरोबर त्यांनी व्यवहारही चोख केला. गाबाची जमीन वडिलांनी १ लाख ७० हजारांना घेतली होती. तिची किंमत त्यांनी १६ लाख धरली, म्हणजे नऊ पटींहून जास्त. तिचे सोळा हिस्से पाडले आणि देणेकऱ्यांना तिथेच बोलावले. हजरत अलींचे पुतणे अब्दुल्लाह बिन जाफर यांचे ४ लाख येणे होते. ते म्हणाले, हवे तर सोडून देतो. अब्दुल्लाह यांनी नकार दिला. मग सगळ्यांच्या शेवटी द्या, असे ते म्हणाले. त्यालाही नकार. अखेर चार लाखांच्या बदल्यात त्यांनी जमिनीचा तुकडा घेतला. इतरांचीही देणी भागत गेली. साडेचार हिस्से उरले, ते लाखाला एक या भावाने गेले. त्यांतला एक जुबैर यांच्याच दुसऱ्या मुलाने, मुंजिर यांनी पैसे मोजून घेतला. दीड हिस्सा मुआविया (रजि.) यांनी घेतला.

देणी फिटली. आता भावंडांना वाटणी हवी होती. त्यांचा हक्क होता आणि घराण्यात बऱ्याच जणांना गरजही असणार, कारण जुबैर यांना मृत्यूसमयी नऊ मुलगे आणि नऊ मुली होत्या. अब्दुल्लाह यांनी ऐकले नाही. यादीत नसलेला एखादा देणेकरी शाममध्ये असेल, येमेनमध्ये असेल, त्याला जुबैर गेल्याची बातमीही कळली नसेल. सगळीकडून माणसे एकत्र येतात ती हजला. म्हणून सलग चार वर्षे ते हजच्या दिवसांत पुकारा करत राहिले की जुबैर यांच्याकडे ज्याचे काही येणे असेल त्याने यावे आणि घेऊन जावे.

चौथ्या हजनंतर वाटणी झाली. मृत्युपत्राप्रमाणे एक तृतीयांश आधी बाजूला काढला गेला, त्यातलाही तिसरा हिस्सा अब्दुल्लाह यांच्या मुलांसाठी होता. उरलेल्यातून चार पत्नींपैकी प्रत्येकीच्या वाट्याला १२ लाख आले. या वाट्यांवरून एकूण मालमत्ता काढली तर ती वृत्तांतात दिलेल्या ५ कोटी २ लाखांशी जुळत नाही. त्यावर भाष्यकारांनी शतकानुशतके खल केला आहे. त्यांतला एक खुलासा असा, की वृत्तांतातला आकडा जुबैर गेले त्या दिवसाचा आहे. वाढ झाली ती नंतरच्या चार वर्षांत, वारस वाटणीसाठी आणि अब्दुल्लाह एखाद्या विसरलेल्या देणेकऱ्यासाठी थांबले होते तेव्हा.