परळचे हाफकिन आणि शोधाची राखण

परळला आचार्य दोंदे मार्गाच्या परिसरात टाटा, वाडिया व के. ई. एम. या रुग्णालयांच्या शेजारी एक जुनी भव्य वास्तू उभी आहे. एके काळी ती मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थान होती. १८९९ साली तेथे प्लेगची प्रयोगशाळा आली आणि १९२५ पासून ती संस्था वाल्डेमार हाफकिन यांचे नाव धारण करून आहे. विद्यापीठांनी व महाविद्यालयांनी आपल्या संशोधनाची पेटंटे घ्यावीत, त्यांतून उत्पन्न मिळवावे, असा आग्रह आज सर्वत्र धरला जात आहे. अशा वेळी हाफकिन यांच्या आयुष्याकडे पुन्हा एकदा पाहणे अगत्याचे ठरते. कारण त्यांचे सर्वांत मोठे संशोधन मुंबईच्याच एका महाविद्यालयात सिद्धीस गेले होते.

हाफकिन यांचा जन्म १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. तेथील विद्यापीठात ते मेचनिकॉव्ह यांचे विद्यार्थी होते. परंतु ज्यू असल्यामुळे अध्यापकीय जीवनाची वाट त्यांना बंद झाली. जिनीव्हामार्गे १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले, तेही ग्रंथालयातील साहाय्यकाच्या जागेवर. ते काम सांभाळून त्यांनी पटकीवरील लस सिद्ध केली, जुलै १८९२ मध्ये ती स्वतःस टोचून घेतली आणि पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा सरकारने त्यांना येथे पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेली अपुरी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर त्यांनी काम आरंभले. बोकडाच्या मांसापासून केलेल्या रसावर तुपाचा तवंग सोडून त्याखाली प्लेगचे जंतू वाढवायचे आणि मग उष्णता देऊन ते मारायचे, अशी ती पद्धत होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही प्रथम स्वतःवरच आजमावली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात लस टोचलेल्या व न टोचलेल्या कैद्यांची तुलना करून तिचा गुण पडताळण्यात आला.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास एक प्रश्न पडावा. त्याच दशकात जर्मनीत बेरिंग यांनी घटसर्पावरील आपले सिरम होख्स्ट या रसायन कंपनीशी करार करून बाजारात आणले होते. शोधकाच्या हक्काला संरक्षण देणारा कायदा हिंदुस्थानातही होता. हाफकिन यांची लस मात्र व्यापारी पेढीतून नव्हे, तर सरकारी प्रयोगशाळेतून देशभर गेली. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झाल्या. शोध लोकांपर्यंत पोहोचविण्यास मक्तेदारी अपरिहार्यच असते, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. तथापि, केवळ ज्ञान खुले ठेवल्याने हे घडले नाही, हेही तितकेच खरे. त्यामागे परळची इमारत, नोकरवर्ग आणि सरकारी खर्च उभा होता.

परंतु या व्यवस्थेने लस सांभाळली, लसकर्त्यास सांभाळले नाही. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सारे एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. चौकशीत ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना प्रमुखपद सोडावे लागले. ती बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक झाला नव्हता, हे पुढे निष्पन्न झाले. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये जाहीरपणे त्यांची बाजू घेतली, तेव्हा कोठे ते निर्दोष ठरले. ते पुन्हा कामावर आले ते कलकत्त्यास. पूर्वीचे कार्यक्षेत्र त्यांना परत लाभले नाही. १९३० साली लोझान येथे त्यांचे निधन झाले.

या चरित्राचा आजच्या चर्चेशी निकटचा संबंध आहे. आपल्याकडे शोधाचे संरक्षण म्हणजे पेटंट असे समीकरण झाले आहे. पेटंट निरुपयोगी आहे असे मुळीच नव्हे. सार्वजनिक पैशातून लागलेला शोध दुसऱ्याने बळकावू नये यासाठी ते कुंपण हवेच. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत मिळू लागली, हेही उचित झाले. परंतु कुंपण घालून शेत पिकत नाही. पेटंटची मुदत २० वर्षांची. ती प्रमाणपत्र भिंतीवर टांगून सरली, तर ना संस्थेला लाभ ना समाजाला. शोधाचे उत्पादन कोण करणार, त्याच्या दर्जाची व प्रत्येक बाटलीची नोंद कोण ठेवणार, आणि अपघात घडल्यास संशोधकाच्या पाठीशी कोण उभे राहणार, या प्रश्नांची उत्तरे अर्जापूर्वीच शोधली पाहिजेत.

परळने यातील निदान एका प्रश्नाचे उत्तर पुढे शोधले. १९७५ साली संशोधन आणि उत्पादन ही कामे वेगळी करून लसनिर्मितीसाठी शासनाचे हाफकिन महामंडळ स्थापन झाले. ही विभागणी कितपत लाभदायक ठरली याविषयी मतभेद असू शकतील. परंतु शोध व उत्पादन ही दोन भिन्न कामे असून दोहोंनाही स्वतंत्र मनुष्यबळ व भांडवल लागते, हे त्यामागील तत्त्व खरे आहे. आपल्या विद्यापीठांनी पेटंटांची संख्या अवश्य मोजावी. मात्र त्यांतील किती शोध लोकांच्या हाती पोहोचले आणि संकटकाळी किती संशोधकांची आपण पाठराखण केली, याचा हिशेबही त्याच वहीत मांडला जावा. हाफकिन यांचे नाव इमारतीला देण्यास १९२५ साल उजाडले. त्यांची बाजू ऐकून घेण्याची गरज मात्र १९०२ मध्येच होती.