गॅरी किल्डॉल : आज्ञेच्या ओळीत उरलेली खूण

एकच प्रोग्रॅम युनिक्स आणि विंडोज अशा दोन्ही प्रणालींवर चालवू पाहणाऱ्याला पहिली ठेच बहुधा आज्ञेच्या ओळीतच लागते. आज्ञेपुढे लिहिलेले शब्द, म्हणजे आर्ग्युमेंट्स, युनिक्समध्ये शेल आधीच सुटे करते, तारांकनाच्या जागी जुळणाऱ्या फाइलींची नावे भरते आणि तयार यादी प्रोग्रॅमच्या हाती देते. विंडोजमध्ये मात्र अखंड ओळच येते. तिची फोड करणे हे प्रोग्रॅमचे वा त्याच्या लायब्ररीचे काम. या दुसऱ्या रीतीचा माग काढल्यास वाट कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्ह या किनारी गावात, गॅरी किल्डॉल यांच्यापर्यंत पोहोचते.

किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी सिएटल येथे झाला. घरची शाळा नौकानयनाची. तरुणपणी तेही तेथे शिकवीत. वॉशिंग्टन विद्यापीठातून १९७२ मध्ये डॉक्टरेट मिळवली, तेव्हा ते मॉन्टेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत अध्यापक होते. इंटेलच्या नव्या चिपसाठी त्यांनी पीएल/एम ही भाषा रचली आणि १९७४ मध्ये फ्लॉपी डिस्क हाताळणारी सीपी/एम ही प्रणाली सिद्ध केली.

त्या यंत्रांत स्मृती अवघी काही किलोबाइट. तेव्हा आज्ञेची फोड करण्यात जागा कोण दवडणार? सीपी/एम आज्ञेचा उरलेला भाग मोठ्या लिपीत बदलून १२८ बाइटांच्या ठरावीक कप्प्यात ठेवी. पहिल्या बाइटमध्ये लांबी, पुढे अक्षरे. पहिली दोन फाइलनावे तेवढी वेगळी मांडून दिली जात. बाकी प्रोग्रॅमने पाहून घ्यावे. ही काटकसर त्या काळी शहाणपणाचीच होती.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे यंत्रानुसार बदलणारा सारा भाग त्यांनी बायॉस या छोट्या थरात वेगळा काढला. तेवढा नव्याने लिहिला, की निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांवर तीच प्रणाली आणि तेच प्रोग्रॅम चालत. पत्नी डोरोथी यांच्यासह स्थापलेली डिजिटल रिसर्च कंपनी त्यावर भरभराटीस आली.

१९८० मध्ये आयबीएमची माणसे दारी आली. किल्डॉल मौजेखातर विमान उडवीत होते, ही दंतकथा त्यांना अखेरपर्यंत छळत राहिली. प्रत्यक्षात ते कामानिमित्त एका ग्राहकाकडे गेले होते, आणि गोपनीयतेच्या करारावर सही करण्यास डोरोथी राजी नव्हत्या. काम मायक्रोसॉफ्टकडे गेले. तिने टिम पॅटरसन यांनी सीपी/एमच्या धर्तीवर लिहिलेली प्रणाली विकत घेऊन डॉस म्हणून पुरवली. आयबीएमने पुढे सीपी/एमही विकायला ठेवली खरी. पण डॉस ४० डॉलरला आणि ही २४० डॉलरला. ग्राहकाने काय निवडले, हे सांगायला नको.

डॉसमध्ये आज्ञेचा कप्पा त्याच क्रमांकाच्या जागी, तेवढ्याच आकाराचा राहिला. विंडोजने आकार ३२ हजार अक्षरांपलीकडे वाढवला; अखंड ओळ देण्याची रीत सोडली नाही.

डिजिटल रिसर्च १९९१ मध्ये नॉव्हेलने घेतली. डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर ११ जुलै १९९४ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी किल्डॉल यांचे निधन झाले. कंपनीच्या पॅसिफिक ग्रोव्हमधील जुन्या वास्तूपाशी स्मृतिफलक लागला, तो एप्रिल २०१४ मध्ये.