अक्षरांचा शिल्पी : विल्यम कॅस्लन

समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेला किंवा पुस्तकाच्या वेष्टनाला जुन्या काळाची कळा आणावयाची असली, की एका विशिष्ट वळणाची रोमन अक्षरे योजिली जातात. टोकांना बारीक पाय असलेली ही अक्षरे मुद्दामच कडांना झिजलेली, कोठे तुटलेली अशी काढलेली असतात. त्यांपैकी एका प्रसिद्ध अक्षरवळणाचे नाव ‘कॅस्लन अँटिक’ असे आहे. ज्या विल्यम कॅस्लनचे नाव ते मिरविते, त्याचे आयुष्य मात्र अक्षराची कड निर्दोष राखण्यात गेले.

कॅस्लनचा जन्म १६९२ च्या सुमारास इंग्लंडमधील वुस्टरशर परगण्यात झाला. लंडनमध्ये उमेदवारी करून तो बंदुकांच्या भागांवर नक्षी कोरू लागला. पुस्तकबांधणीसाठी लागणारे अक्षरांचे ठसेही तो कापून देई. त्या काळी इंग्लंडमधील मुद्रक चांगल्या खिळ्यांसाठी बव्हंशी हॉलंडवर अवलंबून असत. कॅस्लनच्या हाताची सफाई पाहून तिघा मुद्रकांनी मिळून त्याला ५०० पौंड कर्जाऊ दिले आणि त्याची ओतशाळा उभी राहिली. १७२० च्या सुमारास त्याला अरबी खिळ्यांचे काम मिळाले. पाठोपाठ त्याने रोमन अक्षरे कोरली.

ते काम कमालीच्या चिकाटीचे होते. पोलादी कांबीच्या टोकावर उलटे अक्षर कोरावयाचे, ती कडक करून तांब्यावर ठोकावयाची आणि त्या साच्यावर शिशाचा मिश्र रस ओतून खिळा पाडावयाचा. मूळ कोरीव कामातील बारीकसा दोषही प्रत्येक खिळ्यात उतरे. १७३४ साली त्याने आपल्या अक्षरांचा नमुनापट प्रसिद्ध केला आणि इंग्लंडचे हे परावलंबन संपत आले. या संगीतप्रेमी गृहस्थाच्या घरी गायनवादनाच्या बैठकीही होत. १७६६ साली तो निवर्तला. त्यानंतर दहा वर्षांनी, १७७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्याच्याच वळणाच्या अक्षरांत प्रथम छापला गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही अक्षरे मागे पडली. पण त्याच शतकाच्या मध्यास लंडनच्या चिझिक प्रेसने त्यांना पुन्हा मान मिळवून दिला. शतकाच्या अखेरीस शिकागोच्या एका ओतशाळेने झिजल्यासारखे दिसणारे एक वळण काढले. त्याचे मूळ नाव ‘फिफ्टीन्थ सेंचुरी’ होते; ‘कॅस्लन अँटिक’ हे नाव त्यास मागाहून मिळाले. कॅस्लनच्या हातच्या अक्षरांशी त्याचे फारसे साम्य नाही.

जुने म्हणजे झिजलेले, हा आपला सोयीचा समज आहे. कॅस्लनची अक्षरे टिकली ती कडा तुटल्या म्हणून नव्हे, तर वाचकाच्या डोळ्यांना ती सुखद वाटली म्हणून. सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या संस्थेनेही आपल्या पन्नास वर्षांचे मोल पिवळ्या पडलेल्या कागदांवरून करू नये. पहिल्या पिढीने मन लावून केलेल्या कामावरून करावे.