संत जोसेफ वाझ आणि कँडी नगरातील देवीची साथ



सन २०१८ च्या नोव्हेंबर महिन्यापासून आपल्या डहाणू व तलासरी तालुक्यांच्या भूमीस जे हादरे बसू लागले, त्यांची आठवण तुम्हांस करून देण्याची गरज नाही. धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांवर मंडळी ऐन थंडीत घराबाहेर निजत. पुढे १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले, तेव्हा तर भिंतीच्या आडोशाला निजावयास कोणी धजेना. त्या रात्री अंगणांतून फिरत असता एका वारली आजीबाईने मला सहज विचारले की, फादर रात्री मिशनच्या पक्क्या घरात निजतात की आमच्यासारखे उघड्यावर? खरे सांगावयाचे तर तोपर्यंत मी घरातच निजत होतो. त्या रात्री मी खाट बाहेर काढली. परंतु प्रश्न मनात राहिला तो राहिलाच. जुबिलीच्या या स्मरणिकेत कोणा संताचे चरित्र लिहावे असा विचार करू लागताच त्या प्रश्नाने मला जोसेफ वाझ यांच्याकडे नेले.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोमंतकात बाणावली येथे, त्यांच्या आजोळी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. त्या काळी डहाणूच्या किल्ल्यावरही गोव्याच्याच सरकारचे निशाण होते. सन १७३९ मध्ये मराठ्यांनी तो घेईपर्यंत हा किनारा व तो किनारा एकाच राज्याखाली नांदत होते. तेव्हा ते आपणांस अगदीच परके आहेत असे नाही. सन १६७६ मध्ये त्यांस गुरुदीक्षा मिळाली आणि तेव्हापासून गोरगरिबांप्रमाणे त्यांनी अनवाणी चालण्याचा नेम धरला. कानडा प्रांतात त्यांनी सुमारे तीन वर्षे सेवा केली, नंतर ते जुन्या गोव्यात ओरेटरी संघात सामील झाले. हे सर्व वृत्त विस्ताराने सांगण्यासारखे आहे. परंतु येथे जागा थोडी.

त्यांचे मन लागले होते ते सिलोन बेटाकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेकडे. वलंदेजांनी, म्हणजे डच लोकांनी, सन १६५८ पर्यंत त्या बेटाचा किनारा पोर्तुगीजांपासून जिंकून घेतला होता व कॅथलिक धर्मगुरूंस तेथे बंदी केली होती. अनेक वर्षे तेथील भाविकांस ना मिस्सा, ना पापनिवेदन, ना मरणकाळी अभ्यंग. सन १६८६ मध्ये फादर वाझ भिक्षेकऱ्याच्या वेषाने गोव्याहून निघाले आणि १६८७ मध्ये जाफना येथे उतरले. प्रवासात जडलेल्या अतिसाराने शरीर खंगले होते. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत, आणि ती माळ पाहून ज्याचा चेहरा बदले तो घरधनी आपला, अशी खूणगाठ बांधीत. सन १६९२ मध्ये ते बेटाच्या मध्यभागी कँडीच्या स्वतंत्र राज्यात गेले. तेथे पोर्तुगीजांचा हेर ठरवून त्यांस कैदेत टाकण्यात आले. कैदेत त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली. पहारा सैल होताच त्यांनी एक झोपडी उभारून तिचेच मंदिर केले.

याच कँडीत एकदा पाऊस पडेना. राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने फादरांस प्रार्थना करावयास सांगितले. त्यांनी भर चौकात वेदी मांडली, क्रूस उभा केला, आणि पर्जन्यवृष्टी झाली, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. बहुतेक चरित्रांत तिला मोठे स्थान असते, आणि चित्रकारांस तर ती फार प्रिय. माझी तिच्यावर श्रद्धा आहे. तथापि मला असे वाटते की पाऊस देणे हे देवाचे काम, त्यात माणसाने फक्त गुडघे टेकावयाचे. सन १६९७ मध्ये जे घडले ते मात्र माणसाच्या हातांनी करावयाचे काम होते.

त्या वर्षी कँडीत देवीची साथ आली. आज आपल्या तरुणांस हा रोग ठाऊक नाही, कारण सन १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. परंतु वडीलधाऱ्या काही मंडळींच्या तोंडावर त्याचे वण अजून दिसत असतील. अंग तापाने फणफणते, मग तोंडावर, हातापायांवर पुवाने भरलेले फोड उठतात. लागण झालेल्या दहांपैकी तीन तरी दगावत, आणि जे जगत त्यांपैकी कित्येकांचे डोळे जात. रोग श्वासाने व अंथरुणा-पांघरुणाने पसरतो. जेन्नर यांनी लस शोधली ती १७९६ साली, म्हणजे आणखी शंभर वर्षांनी. तेव्हा कँडीच्या लोकांजवळ एकच उपाय होता, तो म्हणजे पळ काढणे. राजा नगर सोडून गेला, ज्यांस शक्य होते ते सर्व गेले, आणि दुखणाइतांस घरांत वा रानात टाकून देण्यात आले असे चरित्रकार लिहितात. त्यांस निर्दय म्हणण्याची घाई आपण करू नये. पोटच्या चार लेकरांपैकी एकास देवी आल्या असता उरलेल्या तिघांस घेऊन निघून जाणाऱ्या आईच्या मनाची अवस्था काय झाली असेल?

फादर वाझ मात्र नगरातच राहिले. गोव्याहून नुकतेच येऊन मिळालेले, त्यांच्याच नात्यातील फादर कार्व्हालो यांस त्यांनी सोबत घेतले. ओस पडलेली घरे त्यांनी रुग्णालयासारखी वापरली. रानात पडलेल्यांस उचलून आणले, त्यांच्यासाठी आडोसे उभारले. त्यांस पेज-पाणी देणे, फोड धुणे, घाण काढणे, आणि मेलेल्यांस खड्डा खणून मूठमाती देणे, हा दोघांचा नित्यक्रम झाला. त्या रोग्यांत कॅथलिक थोडे, बौद्धच फार. ज्यांनी त्यांस हेर म्हणून कैदेत टाकले होते त्याच नगरीची ती माणसे. आमच्या सेमिनरीत आम्हांस शिकविले जाई की आजाऱ्याकडे जाताना धर्मगुरूने प्रथम त्याच्या आत्म्याची चौकशी करावी. ते बरोबरच आहे. पण ज्याची जीभ तहानेने टाळ्यास चिकटली आहे त्यास प्रथम पाणीच पाजावे लागते.

साथ ओसरल्यावर राजाचा संशय फिटला. या परक्या पाद्रींनी सेवा केली नसती तर नगरीच्या रस्त्यांत प्रेतांचे ढीग पडले असते, अशा आशयाचे बोल त्याने काढल्याची नोंद आहे. राजा अखेरपर्यंत बौद्धच राहिला; परंतु फादरांस त्याने आपल्या राज्यात मोकळेपणी फिरावयाची मुभा दिली. पुढील चौदा वर्षे ते बेटभर हिंडले. बिशपपदाचा विषय निघाला असता त्यांनी तो नम्रपणे टाळला. गोव्याहून आलेले फादर जाकोम गोन्साल्व्हिस यांनी त्यांच्या हाताखाली सिंहली व तामिळ भाषांत जे धार्मिक वाङ्मय निर्माण केले, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

दिनांक १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथेच, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. पंचवीस वर्षांपूर्वी गोवा सोडल्यापासून ते पुन्हा मायदेशी गेले नव्हते. सन १९९५ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांस धन्यवादित घोषित केले, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे संतपद बहाल केले. कँडीत त्यांस जेथे पुरले ती जागा कोणती, हे आज नक्की दाखविता येत नाही.

त्यांचा सण १६ जानेवारीस येतो. त्या दिवशी सायंकाळच्या मिस्सेस येताना प्रत्येक घराने शेरभर तांदूळ व शक्य तर एक जुने पण धुतलेले पांघरूण आणावे. आपल्या पाड्यांवर थंडी तेव्हा फार असते, आणि हादरे अद्याप मधूनमधून बसतात.