दख्खनच्या माशांना मराठी नावे देणारा कर्नल

भर उन्हाळ्यात, कोकणातल्या लहान नद्या डबक्यांवर आलेल्या असताना रसायनीजवळची पाताळगंगा मात्र वाहताना दिसते. त्यातले बरेचसे पाणी मूळचे तिचे नव्हे. घाटमाथ्यावर इंद्रायणीच्या खोऱ्यात पडलेला पाऊस वळवण, शिरवटा आणि लोणावळा येथील तलावांत साठतो, मोठ्या नळांतून घाट उतरून खोपोलीच्या वीजगृहात येतो आणि तेथील चक्रे फिरवून पाताळगंगेला मिळतो. १९१५ पासून हा क्रम चालू आहे. शेजारच्या कर्जत तालुक्यात आंद्रा नदीचे पाणी भिवपुरीच्या वीजगृहातून १९२२ पासून असेच उल्हास नदीत उतरते. खालापूर आणि कर्जतच्या या दोन्ही नद्या उन्हाळ्यात भीमेच्या खोऱ्याचे पाणी वाहून नेत असतात. त्याच खोऱ्यातील माशांची पहिली मोठी शास्त्रीय यादी ज्यांनी तयार केली, ते कर्नल विल्यम हेन्री साइक्स.

साइक्स यांचा जन्म १७९० मधला, इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील एका घराण्यातला. वयाची चौदा वर्षेही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, १८०३ मध्ये, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाले. १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात ते होते. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेविरुद्ध ते लढले. मराठी राज्याच्या अस्ताला हातभार लावणाऱ्या या सैनिकाने पुढे त्याच मुलखातील पशुपक्ष्यांची आणि माशांची नोंद करण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली.

या वळणामागे मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होते. नव्याने हाती आलेल्या दख्खनची खडान्‌खडा माहिती सरकारला हवी होती. त्यासाठी १८२४ मध्ये त्यांनी साइक्स यांना सांख्यिकी वृत्तलेखक नेमले. लोकसंख्या, शेतजमीन, सारा, पीकपाणी, हवामान या सगळ्यांची माहिती गोळा करीत साइक्स गावोगाव फिरले. १८२९ च्या अखेरीस काटकसरीच्या धोरणात ते पद रद्द झाले. तरीही हाती घेतलेले काम त्यांनी सोडले नाही, आणि ते आवरूनच १८३१ मध्ये ते रजेवर मायदेशी परतले.

मुक्कामांच्या या वर्षांत त्यांनी प्राणिसृष्टीकडेही त्याच शिस्तीने पाहिले. पाणथळ जागी मान आखडून बसणारी ढोकरी, अर्थात वंचक, शास्त्रात प्रथम नोंदली गेली ती १८३२ च्या त्यांच्या पक्षिसूचीत. सह्याद्रीतील कोळसुंद्याच्या, म्हणजे रानकुत्र्याच्या, शास्त्रीय नावात दख्खनचा उल्लेख आला तो त्यांच्यामुळेच. मात्र त्यांचे सर्वांत वेगळे काम माशांवरचे आहे. दख्खनच्या माशांवरील त्यांचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे आला. १८३९ मध्ये त्याचा सारांश छापला गेला आणि १८४१ मध्ये चित्रांसह संपूर्ण निबंध प्रसिद्ध झाला. त्यात चाळीसहून अधिक जातींचे वर्णन आहे, आणि त्यांतील बहुतेक जाती विज्ञानाला तोवर अपरिचित होत्या.

नव्या जातीला लॅटिन किंवा ग्रीक नाव द्यावे, नाहीतर एखाद्या विद्वानाचे वा आश्रयदात्याचे, असा त्या काळचा रिवाज होता. साइक्स यांनीही तो काही ठिकाणी पाळला. गोड्या पाण्यातील एका वामेला त्यांनी एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. परंतु बहुसंख्य माशांना त्यांनी नदीकाठी ऐकू येणारी मराठी नावेच शास्त्रीय नावे म्हणून बहाल केली. शिंगटी, खुद्री, कोलस, नुक्ता, बोगट, गुंगवारी ही नावे इंग्रजी वर्णमालेचा वळसा घेऊन, थोडीशी वाकडी होऊन का होईना, जगभरच्या ग्रंथांत जाऊन बसली. घाटाच्या नितळ ओढ्यांत खडकांना चिकटून राहणारा आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खाणारा छोटा मळ्या आजही साइक्स यांनी दिलेल्या त्याच मराठी नावाने शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. ही नावे ज्यांच्या तोंडची होती, ते मासेमार मात्र निबंधात अनामिकच राहिले.

या नावांतील सर्वांत मोठे भाग्य लाभले ते खुद्रीला. पुण्याच्या पूर्वेस काही मैलांवर मुळामुठेच्या पाण्यात साइक्स यांना हा मासा मिळाला. दख्खनचा महसीर म्हणतात तो हाच. विलायतेतील हौशी गळकऱ्यांचे सारे प्रेम ट्राउट माशावर. लहान, थंड, आरशासारखा स्वच्छ ओढा, हातात हलकी काठी आणि गळाला पिसे व दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी, हा त्यांचा आवडता खेळ. भारतातही तो खेळता यावा म्हणून १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये, तसेच निलगिरीच्या ओढ्यांत विलायती ट्राउट आणून सोडण्यात आले. सह्याद्रीचे पाणी मात्र त्या माशाला मानवण्याइतके थंड नाही. इथल्या गळकऱ्याला खेळ मिळाला तो महसीरचा. साइक्स यांच्या मृत्यूनंतर एकाच वर्षाने, १८७३ मध्ये, मद्रास इलाख्यातील अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यांचे भारतातील गळमासेमारीवरील प्रसिद्ध पुस्तक आले आणि महसीरची कीर्ती साहेबांच्या क्लबांत पसरली.

साइक्स यांची पुढील कारकीर्द इंग्लंडमध्ये बहरली. १८३३ मध्ये ते लष्करातून निवृत्त झाले, पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८४० मध्ये ते कंपनीचे संचालक आणि १८५६ मध्ये अध्यक्ष झाले. १८५७ पासून अखेरपर्यंत ॲबर्डीनचे प्रतिनिधी म्हणून ते पार्लमेंटमध्ये बसत. रॉयल एशियाटिक सोसायटीचे आणि लंडनच्या सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. एवढ्या मानमरातबानंतरही आज त्यांची आठवण निघते ती पक्षी आणि मासे यांच्यामुळे.

माशांच्या बाबतीत ही आठवण केवळ कौतुकाची राहिलेली नाही. साइक्स यांनी वर्णिलेल्या अनेक माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. त्यामुळे पुढच्या संशोधकांना त्यांच्या शब्दांवर, चित्रांवर आणि त्यांनी सांगितलेल्या ठिकाणांवर विसंबावे लागले. जिथे ठिकाणाकडे दुर्लक्ष झाले, तिथे घोटाळा झाला. शिरूरजवळ घोड नदीत मिळालेल्या एका मोठ्या माशाला साइक्स यांनी मुसल्ला असे नाव दिले होते. पुढे हेच नाव, दुसऱ्याच खोऱ्यात, कावेरीत राहणाऱ्या कुबडाच्या महसीरला चिकटले आणि वर्षानुवर्षे तसेच चालले. घोड नदीचा मासा मुळात महसीरच नव्हे, हे २०१३ मध्ये नव्याने मांडले गेले.

दरम्यान घाटमाथ्यावर एक स्तुत्य प्रयोग उभा राहिला होता. धरणे आणि बेसुमार मासेमारी यांमुळे खुद्री घटू लागल्यावर लोणावळ्याला वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात तिची कृत्रिम पैदास सुरू केली. ज्या तलावाचे पाणी खोपोलीमार्गे रसायनीपर्यंत येते, त्याच्याच काठी हे केंद्र आहे. तिथली पिल्ले निरनिराळ्या राज्यांतील नद्यांत गेली. कावेरीतही गेली, आणि तिथे ती पाहुणी यजमानालाच भारी पडली. पकडलेला मासा मोजून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या गळकऱ्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी संशोधकांनी तपासल्या. निळ्या परांची खुद्री वाढत गेली आणि कावेरीचा मूळचा कुबडाचा महसीर जवळजवळ दिसेनासा झाला, असे २०१५ मध्ये त्यांनी दाखवून दिले. त्या अस्सल रहिवाशाची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली, आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत करावी लागली. एखादा मासा कोणत्या नदीचा, हा प्रश्न केवळ अभ्यासकांच्या शब्दच्छलाचा नाही, हे यातून कळावे.

साइक्स यांची थोरवी इथे दिसते, आणि मर्यादाही. मासा कुठे मिळाला आणि लोक त्याला काय म्हणतात, या दोन गोष्टी त्यांनी लिहून ठेवल्या. नमुने हरपले तरी त्या दोन ओळींच्या आधाराने पुढच्या पिढ्यांना पुन्हा नदीपर्यंत जाता आले. परंतु त्यांची यादी घाटमाथ्यावरच्या देशाची होती. घाटाखालचे ओढे तिच्या कक्षेबाहेर राहिले.

१९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सपासून रसायनीचा परिसर कारखान्यांनी भरत गेला, तिचे नावही रसायनांवरूनच पडले. पाताळगंगेच्या या भागात नितळ पाणी आता कमी राहिले आहे. मात्र कर्जत आणि खालापूरच्या डोंगरकुशीतील ओढे पावसाळा ओसरला की अजूनही तळाचे गोटे दाखवतात. कातकरी आणि ठाकर समाजातील जाणती माणसे त्यांतील मासे नावानिशी ओळखतात. शहरातून सुटीच्या दिवशी तिथे जाणाऱ्या हौशी गळकऱ्याने मासा पाण्यात परत सोडण्यापूर्वी ओढ्याचे नाव, तारीख, माशाची लांबी आणि त्याचे गावातले नाव वहीत लिहून ठेवले, तर साइक्स जिथे थांबले तिथून पुढचे काम होईल. बाहेरून आणलेली पिल्ले या ओढ्यांत सोडण्याचा विचार मात्र अशी नोंद हाती येईपर्यंत कोणी करू नये.